चटईची काडी

हिर्डोशी,
१३ ऑगस्ट १९९९

प्रिय गुलफशा आपा,

सलाम. भोरला अम्मीचा गुडघा आता बरा आहे. इथे उपकेंद्राच्या पत्र्यावर पाऊस एवढा वाजतो की मला माझीच बडबड ऐकू येत नाही. तू म्हणशील, बरंच झालं!

हे पत्र कुंडलिकच्या हाती देते आहे. त्याची बायको अश्विनी पुण्याला तुझ्याच वॉर्डात भरती व्हायला येईल. सहावा महिना सरत आलाय. तिला ल्युपस आहे, शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार, नाकावरून दोन्ही गालांवर लाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मी सगळं पाळते. ऊन नको, गोळ्या चुकवायच्या नाहीत, दर बुधवारी रक्तदाब, लघवी आणि बाळाचे ठोके, कारण या आजारात बाळाचं हृदय मंदावू शकतं.

परवा बुधवारी ग्रहण होतं. तिच्या सासूनं, सगुणाबाईंनी, तिला दुपारपासून माजघरात चटईवर बसवलं. गोळी मी भांडून आधीच दिली. "गिरान सुटंस्तवर हात लावायचा न्हाई, बाई," सगुणाबाई म्हणाल्या. मी दाराशी बसले. ढगांमुळे काही दिसलं नाही, पण अंधारलं. कोंबड्या आपणहून डालग्याखाली शिरल्या. पाऊसही थांबला. तेवढ्यात अश्विनी हळूच म्हणाली, "बाई, माज्या आत कुणीतरी लई सावकाश चालतंय."

आपा, ग्रहण सुटेपर्यंत मी ठोके ऐकायची नळी हातात धरून बसले.

ग्रहण सुटल्यावर पोटावर नळी लावली. मिनिटाला छप्पन्न ठोके. बाळाचे हवेत एकशेचाळीसच्या आसपास. तिची मनगटाची नाडी पाहिली, ती ब्याण्णव. म्हणजे ते सावकाश ठोके तिचे नव्हते.

सगुणाबाईंनी कंदील जवळ आणला. अश्विनीच्या बोटांत चटईची मोडलेली काडी होती. "गिरानात काडी मोडलीस! पोराचं काळीज मोडलंस!" मी खाली बघत नळी पुसत राहिले. ती काडी पोरीनं अजून मुठीत धरली आहे, झोपेतसुद्धा.

डॉक्टर विचारतील, कधीपासून? ती सांगेल, ग्रहणापासून. तसं नाही. चार तारखेलाही मी हेच ठोके ऐकले होते. आईचेच असतील म्हणून नाडी पाहिली नाही. बाळाचे वेगळे सापडेनात, शेवटची एसटी निघायची घाई, मी रजिस्टरात एकशेचाळीस लिहून मोकळी झाले. आठवडा माझ्यामुळे गेला. आणि दोष काडीवर गेला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

आता पाऊस कितीही वाजला तरी त्याच्याखाली मला तेच ऐकू येतं.

डॉक्टरांना चार तारीख सांग, माझं नाव घेऊन सांग. मग अश्विनीची मूठ सोडव आणि तिला सांग की काडीनं काही झालेलं नाही. तिच्या डोळ्यांत बघून सांग. मला ते जमलं नाही.

एकशेचाळीस लिहिणारी तुझी बहीण,
खुर्शिदा