जुन्या लेथबद्दल दादाचा सल्ला

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार.

तुझा खोकला कसा आहे? वहिनी फोनवर म्हणाली की बरा आहे, पण तिच्या मागून तुझा खोकण्याचा आवाज येत होता, म्हणून तुलाच विचारते. वहिनीचा खांदा आता वर जातो का? इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. ह्यांचं ब्लडप्रेशर ताळ्यावर आहे (निदान मी हा विषय काढेपर्यंत होतं). तर विषय असा, की मला तुझा सल्ला हवा आहे. तू सगळी नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलीस, त्यामुळे आपल्या घरात लोखंड कळणारा तूच एक, मग ते रॅकवर ठेवलेलं लोखंड का असेना.

मी एक जुनं लेथ मशीन घ्यावं की घेऊ नये, एवढंच सांग.

लगेच चष्मा काढून कपाळ चोळू नकोस, पुढे वाच. शिवणवर्ग बंद केल्यापासून आसपासच्या बायका बिघडलेली शिलाई मशिनं माझ्याकडे आणून टाकतात, हे तुला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात एक फार जुनं मशीन आलं. सगळं ठीक, फक्त बॉबिन भरायच्या चाकाची पितळी चकती फुटलेली. बाजारात विचारलं, तर ती कंपनीच आता नाही म्हणाले. वर्कशॉपवाल्याने एका चकतीसाठी मशीन लावणार नाही म्हणून सांगितलं, शंभर करायच्या असतील तर या म्हणाला. शंभर चकत्यांचं मी काय करू? तिथेच उभ्या उभ्या मनात आलं, की आपलंच लेथ असलं तर? लोखंड गरागरा फिरवायचं आणि धारदार हत्याराने सोलत जायचं, एवढंच तर असतं. बटाटा न फिरवता आपण सुरी फिरवतो, इथे उलटं. (हे मी ह्यांना असंच समजावून सांगितलं. ते म्हणाले, बटाटा उडून डोळ्यात जात नाही. ह्यांचा विरोध असा असतो. नाही म्हणायचं नाही, फक्त वाक्यं टाकायची.)

तर एक निवृत्त टर्नर, म्हणजे जन्मभर लेथ चालवलेले गृहस्थ, घरातलं लेथ विकतायत असं कळलं आणि मी बघायला गेले. सोबत जाणकार माणूस असावा म्हणून दिराला नेलं. त्याला तू ओळखतोस. घरात आम्ही त्याला सर्वज्ञ म्हणतो. त्याने आजवर लेथला हात लावलेला नाही, पण लेथचे व्हिडिओ इतके पाहिलेत की त्याला हात लावायची गरज वाटत नाही. येताना खिशात टॉर्च आणि लोहचुंबक घेऊन आला होता. चुंबक कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. मशीनला लावलं, ते चिकटलं, आणि त्याने समाधानाने मान हलवली.

मशीन त्यांच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली. हँडलांवर बनियन वाळत घातलेले, बाकी सगळं तेल लावून लखलखीत. टर्नरबाईंना त्या जागी जेवणाचं टेबल हवं आहे, म्हणून मशीन विकायचं त्यांनी ठरवलं आहे. टर्नरनी काहीच ठरवलेलं नाही. त्यामुळे मालक स्वतःच्याच मालाची निंदा करतोय आणि मालकीणबाई कौतुक करतायत, असं दुकान मी पहिल्यांदा पाहिलं. टर्नर म्हणाले, बेड झिजलाय. बाई म्हणाल्या, काहीतरीच काय, बेड आपण मागच्या वर्षीच नवीन घेतला. (लेथच्या खालच्या लांब लोखंडी पट्ट्यांना बेड म्हणतात. मलाही ते तेव्हाच कळलं. मी आतल्या खोलीकडे बघायला लागले होते.) मग म्हणाले, हँडल फिरवलं की थोडा वेळ काहीच हलत नाही, मग एकदम हलतं. तसा माणूस आमच्या घरातच आहे, त्यामुळे मला त्याचं विशेष वाटलं नाही. मग म्हणाले, आवाज करतं. बाई म्हणाल्या, ह्यांच्या घोरण्यापेक्षा कमी.

दिराला राहवेना. त्याने चालवून बघायचं ठरवलं. लोखंड पकडणाऱ्या पंजाला चक म्हणतात, आणि तो आवळायची एक भक्कम चावी असते. दिराने व्हिडिओतल्यासारखी चावी लावली, ऐटीत चक आवळला, आणि चावी तशीच चकमध्ये ठेवून बटणाकडे हात नेला. दादा, तोवर कोपऱ्यात तोंड पाडून बसलेला तो म्हातारा कसा उठला आणि कसा आडवा आला, मला दिसलंसुद्धा नाही. त्याने दिराचं मनगट धरलं होतं.

"ही चावी सुटून कपाळात बसली असती," टर्नर शांतपणे म्हणाले. "तुमच्या नाही, बाईंच्या. त्या समोर उभ्या आहेत."

बाई म्हणजे मी. दीर टॉर्च बंद करून खुर्चीवर जाऊन बसला तो निघेपर्यंत उठला नाही. मी पर्स उचलली. लेथचं खूळ तिथेच संपलं असतं, पण टर्नर मला म्हणाले, पदर खोचा, बांगड्या काढा, इथे या. चावी माझ्या हातात दिली, काढून बाजूला ठेवायला लावली, पुन्हा लावायला, पुन्हा काढायला, माझा हात दुखेपर्यंत. मग पितळेचा तुकडा लावला, मशीन चालू केलं आणि माझा हात हँडलवर ठेवून स्वतःचा काढून घेतला.

पितळेचा बारीक कीस उडायला लागला, सोन्याच्या भुशासारखा. मी काय करतेय ते मला कळत नव्हतं, पण थांबावंसं वाटत नव्हतं. झाल्यावर टर्नरनी ती वस्तू उजेडात धरली.

"हे काय आहे?"

"चकती."

"मला वाटलं लिंबू," ते म्हणाले, आणि दुसरा तुकडा लावला.

निघताना बाई दारापर्यंत आल्या. त्यांची एकच अट आहे: मशीन न्या, आणि दुपारचं ह्यांनाही न्या, नाहीतर हे रिकाम्या भिंतीकडे बघत बसतील आणि टेबल येऊनही जेवणार नाहीत. टर्नरना विचारलं, तर म्हणाले, बघू. पण चष्मा पुसत म्हणाले.

म्हणजे लेथ घ्यायचं तर टर्नरसकट घ्यायचं. नवशिकीने इतकं जुनं मशीन घ्यावं का? मी फार घाई तर करत नाही ना? नीट विचार कर आणि सावकाश कळव. तुझा शब्द माझ्यासाठी शेवटचा.

तुझी,
धाकटी

ता. क. टेम्पो गुरुवारी सकाळी येईल. आमचा जिना तीन ठिकाणी वळतो, मशीन वळत नाही. तुझी तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली रिकामीच आहे, मला आणि टर्नरना एका बसने येता येईल, आणि वहिनीने कालच झाडून घेतली.

ता. क. टर्नर बिनसाखरेचा चहा घेतात. वहिनीला माहीत आहे, तू विसरू नकोस.

ता. क. (हे अक्षर माझं आहे. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असल्याने ही जागा मिळाली.) दादा, नमस्कार. माझा विरोध आहे असं हिला वाटतं, ते तसंच वाटू द्यावं. विरोध संपला की हिचा उत्साह ओसरतो, असा माझा अनुभव आहे. मी परवा एकटाच जाऊन टर्नरना भेटून आलो. त्यांनी मला शिकायला सकाळची वेळ दिली आहे. खोलीच्या दोन किल्ल्या करून ठेवाव्यात, आणि दुसरीबद्दल हिला बोलू नये.