बाईंच्या शिल्पाला वाळवी

मंगळवार, संध्याकाळ. नाशिक रोड.

बाईंकडून आत्ताच आले, आणि काही सुचत नाही. त्यांच्या हॉलमधल्या आंब्याच्या खोडाच्या शिल्पाला वाळवी लागली आहे.

त्र्यंबकच्या रस्त्यावर वादळात पडलेलं ते झाड. बाईंनी खोड घरी आणून कोरायला घेतलं तेव्हा लोक हसले होते. बाईमाणूस छिन्नी-हातोडा घेऊन बसते, आणि घडवते तेही देव नाही, माणूस नाही. बाई एवढंच म्हणायच्या, "वारा झाडात शिरतो ना, तसं आहे ते." मला ते पहिल्याच दिवशी पटलं होतं, म्हणून तर त्यांची विद्यार्थिनी झाले.

आज औषधाची बाटली घेऊन गेले. बुंध्यापासून वाळवीची मातीची रेघ वळणं घेत वर चढली होती. मी बाटली उघडली, तर बाईंनी माझा हात धरला.

"राहू दे गं. झाडच होतं ते, मातीत जाऊ दे."

"आणि तुमचं काम?"

"माझं काम करून झालं. ही रेघ बघ, माझ्यापेक्षा बरी काढलीय तिने."

त्या हसत होत्या. मला मात्र ती रेघ बघवेना. बाईंना आता छिन्नी धरवत नाही. असं दुसरं काही होणार नाही. हे त्यांना कळत नसेल? की त्यांनी इतकी वर्षं काय शिकवलं, ते मलाच कळलेलं नाही?

औषध न घालताच परत आले. बाईंचा शब्द मोडायची सवय मला कधी लागलीच नाही. आज ती असायला हवी होती.