भिंतीपलीकडची चाकं

प्रिय लुईझा,

क्लेम गेल्यावर तू रॉचडेल गाव सोडलंस, बरं केलंस. मला मात्र भाऊ गेला त्याच स्केटिंग रिंकला पाठ लावून राहावं लागलं. आमच्या स्वयंपाकघराची भिंत रिंकचीच, तुला ठाऊक आहे. त्याच्या शर्यतीच्या संध्याकाळी आई तापाने फणफणून तिथे पडली होती. क्लेमच्या स्केटची चाकं तिला गर्दीतही ओळखू यायची. सुताच्या बॉबिन, म्हणजे रिळं, बनवायच्या कारखान्यात त्यानेच ती लाकडाची कातलेली, एक जरा वाकडं, म्हणून सारखं टकटक वाजायचं. शेवटच्या वळणावर तो पडला, कठड्यावर डोकं आपटलं, आणि आईच्या कानातली टकटक थांबली. अंत्ययात्रेलाही ती उठली नाही. “शर्यत लांबलीय,” एवढंच म्हणत राहिली.

तिने अन्न सोडलं. महिन्याभराने, चैन पडेना म्हणून, मी त्याचे स्केट चढवून सकाळी रिकाम्या रिंकवर उतरले. परतले तर आई उठून बटाटे सोलत होती. “आला बघ आपला क्लेम. भूक लागली असेल त्याला.” काय सांगणार होते मी? रोज जाऊ लागले. ती त्याचं ताट मांडायची, मी समोर बसून जेवायचे. खरं सांगते, भीती वाटायची. वळणावर माझं अंग आपोआप त्याच्यासारखं झुकायचं आणि वाटायचं, मागून तोच येतोय.

पाय मात्र माझेच होते, आणि चांगले पळत होते. रिंकचे मॅनेजर ऑर्मरॉड यांनी बर्नलीला होणाऱ्या बायकांच्या शर्यतीत माझं नाव घातलं. वर चिडवलं, “ही लाकडं चुलीत घाल पोरी. बाकीच्या आत पोलादी छरे बसवलेल्या चाकांवर येतील. तू पोचेपर्यंत त्यांचा चहा पिऊन होईल.” तसली चाकं त्यांनी उसनी दिली, ती कित्येक दिवस पलंगाखालीच राहिली. मला जिंकायचं होतं लुईझा, स्वतःच्या नावाने. पण ती चाकं टकटकत नाहीत, नुसती सरसरत जातात. म्हणजे आईचा मुलगा मी पुन्हा मारायचा.

काल ती घातली. परतले तेव्हा आई भिंतीकडे बघत बसली होती.

“कोण होतं गं आत?”

“मी, आई. हेटी.”

भिंतीवर हात ठेवून म्हणाली, “बरी पळतेस.” आणि मग रडली, तो गेल्यापासून पहिल्यांदा.

आज तिला त्याच्या थडग्यापाशी नेलं. परतताना तुझंच बोलत होती. तू क्लेमने घातलेली साखरपुड्याची अंगठी परत द्यायला आलीस तेव्हा तिने ती पुन्हा तुझ्या बोटात सरकवली होती, क्लेम आल्यावर बघू म्हणून. आता समोर बसून मला हे लिहायला लावतेय: “तिला म्हणावं, काढ ती आता. तो यायचा नाही.”

तुझीच,
हेटी