हळद लागलेलं इंग्रजी खोगीर

बाबा, तुमचं खोगीर विकायला काढलं होतं. आधी पूर्ण ऐका, मग ओरडा.

तुम्ही महसुलाच्या फिरतीवर राळेगावकडं जायचात, त्या घोडीवरचं ते इंग्रजी खोगीर. विलायतेला परतणाऱ्या कुठल्याशा साहेबाकडून तुम्ही जुनंच घेतलेलं. अजून दिसतं मला : दिवेलागणीला तुम्ही येता, घोडी घामानं निथळतेय, आणि खाली उतरल्या उतरल्या तुम्ही मला उचलून वर बसवता. पाय रिकिबीपर्यंत पोचत नाहीत. मी आयाळ धरून भोकाड पसरतो आणि तुम्ही म्हणता, "रडाचं असन तं खाली उतर. वर बसून रडू नोको, घोडीले लाज वाटते." तुम्ही गेलात, घोडी विकली, खोगीर मात्र आईनं ठेवलं. आपल्याकडं बैल कधीच नव्हते. त्यामुळं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोक बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात, तेव्हा आई खोगीर चोळते. वर त्यालाच म्हणते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आता माझं. कॉलेज अर्ध्यावर सोडलं, प्राध्यापकांशी भांडून. कशावरून, ते आता मलाही धड सांगता येत नाही. आणि बाभुळगावच्या गुरांच्या डॉक्टरांची मुलगी मला आवडते. घास उतरत नाही, इतकी. डॉक्टर अजून घोडीवरून खेडी करतात असं कळलं आणि मी खोगीर सायकलच्या कॅरियरला बांधून थेट त्यांच्या ओसरीवर.

त्यांनी खोगीर पोटाशी धरून दाबलं, आतला लाकडी सांगाडा कुरकुरतो का ते ऐकलं. शिवण नखानं खरवडली, कातड्याचा पदर उचलून शिक्का पाहिला. "असली विलायती आहे. माझ्या घोडीपेक्षा महाग गेलं असतं." मग बोट पिवळं झालेलं दिसलं. वास घेतला. "हळद? कोन्या येड्यानं खोगिराले हळद लावली? अर्धी किंमत गेली ना बाप्पा!"

माझं डोकं सटकलं. "माझ्या आईनं लावली! विकाचंच नाही मले!"

"मंग आनलं कायले?"

उत्तर दारामागून तिनंच दिलं. "नाना, ते खोगीर दाखवाले नाही आले." आणि खुदकन हसू.

डॉक्टरांनी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आता सायकलसकट बाहेर, असं मी धरून चाललो. "कॉलेज सोडलं तो तूच ना?" ते म्हणाले. "घोडीवर बसता येते, का नुसतं खोगीर घेऊन फिरतं?"

"येते."

"मंग पोळ्याले आम्ही येतो तुमच्याकडं, पोरीले घेऊन. घोडीही आनतो. पाहू, खोगीर कसं बसते अन् तू कसा बसतं."

उद्या पोळा आहे, बाबा. आज हळद-तूप मीच चोळलं. आईनं किंमत विचारली. म्हटलं, "घोडीपेक्षा जास्त." स्वतःचंच कौतुक झाल्यासारखी ती जी लाजली, तुम्ही पाहायला हवं होतं! अर्ध्या किमतीचं काही मी तिला बोललो नाही. आवतनही मीच दिलं, पण देताना खोगिराकडं नाही, दाराकडं बघत होतो.

हे पत्र कुठं टाकणार? खोगिराच्या पदराखाली सरकवून ठेवतो. तुम्ही या मात्र, आणि जेवणाच्या जरा आधी या, लगाम धरायला. तुम्ही बसवायचात त्यानंतर मी हे खोगीर फक्त सरकीच्या पोत्यावर टाकून बसलोय. घोडीवर बसता येत नाही मला.