लक्ष दाराकडे

१४ मार्च, रविवार

चि. जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र पोचलं. त्याआधीची दोन्हीही पोचली होती, तेव्हा टपालखात्याला बोल लावू नका. उत्तर मी दिलं नाही, आणि तेही चांगल्या ठणठणीत तब्येतीत दिलं नाही.

तुमची भिंगरीही ठणठणीत आहे. एक सुळा पडला. उंची वाढली, जीभ त्याहून वाढली. ती कोणावर गेली हे विचारू नका.

गेल्या वर्षीच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत, 'ती एकटि वाढते आहे.' 'टी' दीर्घ असते. आयुष्यभर छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली, माझा डोळा आधी तिथेच जाणार. चूक दुरुस्त केली आणि पत्र खणात टाकलं. वाक्य मात्र खणात जाईना. राग आला तो ते खरं होतं म्हणून. दोन दिवसांच्या प्रवासावर पूल बांधत बसायचं आणि तिथून शेळ्या हाकायच्या, त्याही उंटावरून! वर अट घातलीत: वर्षभरात तिला चार मुलांची सोबत मिळाली नाही, तर तुम्ही तिला नेणार आणि तिकडच्या शाळेत घालणार.

म्हटलं, सोबतच हवी ना? आणते.

वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. 'मुलांना घरी शिकवणाऱ्यांनी शनिवारी चार वाजता भेटावं. चहा मिळेल, उपदेश मिळणार नाही.' पहिल्या शनिवारी एक विमा एजंट आला. चहा घेतला, उपदेश दिला आणि गेला. दुसऱ्या शनिवारी सुताराची बायको आली, तिच्या मुलीला घेऊन. मुलीला सगळे गोटी म्हणतात. आकारानं गोटी, आवाजानं भोंगा. मग रुग्णालयात रात्रपाळी करणारी एक नर्स आली. तिचा मुलगा बोलताना अडखळतो, वर्गात त्याची नक्कल व्हायची. आणि एक नकाशे काढणारे गृहस्थ. शाळा म्हणजे तुरुंग, मुलाला मोकळं बोलता आलं पाहिजे, असं ते तासभर सांगत होते आणि शेजारी बसलेल्या मुलाला तोंड उघडू देत नव्हते.

आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर पट्टी घेऊन उभ्या असत. घरची भाषा तोंडातून निसटली की पट्टी बोटांवर. एवढं सोसून मी शिकले काय, तर तोच खाक्या. वेळापत्रक, शिस्त, हस्ताक्षर, असं भाषण लिहून तयार ठेवलं होतं. पहिल्याच वाक्याला नर्स म्हणाली, "ताई, ते राहू द्या. मला एवढंच सांगा, आपण मुलांचं नुकसान तर करत नाही ना?"

नकाशेवाल्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"नुकसान करायला शाळाच लागते असं थोडंच आहे?" मी म्हटलं. "घरीही उत्तम होतं."

सगळे हसले. हसता हसता नर्सला रडू फुटलं. "अगंबाई, मी का रडतेय, माझं तर बरं चाललंय," म्हणत सुताराची बायकोही सुरू झाली. मी रडले नाही. मी पुन्हा चहा टाकला. पण आमचा गट झाला तो त्या संध्याकाळी. नर्स त्याला आधारगट म्हणते. मी म्हटलं, आधार द्यायला मी काय काठी आहे? तरी दर शनिवारी मुलं लाकडाची मापं घ्यायला शिकायला सुताराकडे गेली, की ती माझ्या पलंगावर तासभर गाढ झोपते. तेवढाच तिला आधार.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते. म्हातारीनं हट्टानं पोरीला शाळेतून काढलं, असं तुम्हाला वाटतं. मी वाटू दिलं. तेव्हा तुम्हाला स्वतःचंच सावरत नव्हतं. त्यात हे कुठे घालू?

त्या दिवशी वर्गात गणिताचा तास होता. शिपाई दारात आला. टकटक केली आणि तिचं पटावरचं नाव घेतलं, आडनावासकट. "हिला खाली बोलावलंय." ती उड्या मारत जिना उतरली. तिला वाटलं, आई लवकर न्यायला आली. खाली मी उभी होते. तिची आई जाऊन तासही झाला नव्हता.

पुढे ती शाळेत जायची, पण बाकावर दाराकडे तोंड करून बसायची. टकटक झाली की बाकाखाली शिरायची. बाईंनी प्रगतिपुस्तकात शेरा मारला, 'लक्ष दाराकडे असते. सुधारणा आवश्यक.' शुद्धलेखन अचूक होतं हो! ते पुस्तक मी मुख्याध्यापिकेच्या टेबलावर आपटलं. म्हटलं, "बाई, तिची आई त्या दारातून गेली, फळ्यातून नाही." दुसऱ्या दिवसापासून पोर घरी. मी दारावरची बेल काढून टाकली. दूधवाल्याला, पोस्टमनला ताकीद दिली: वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. अभ्यासाला ती भिंतीला पाठ लावून बसायची, दाराकडे बघत. आणि मी बसायचे तिच्या आणि दाराच्या मध्ये.

काल मुलं आमच्याकडे शाळा-शाळा खेळत होती. त्यातल्या निम्म्यांनी शाळा आतून पाहिलेली नाही, पण खेळ अगदी बिनचूक. नकाशेवाल्यांचा मुलगा पाणी प्यायची परवानगी मागत होता, पेला त्याच्या हातातच होता. नर्सचा मुलगा गुरुजी झाला होता. गुरुजी अडखळले की वर्ग थांबायचा, शब्द सुटला की पुढे. कोणी शिकवलं त्यांना हे? मी तर नाही. गोटी झाली होती शिपाई. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते.

दारावर टकटक झाली. मग गोटीचा भोंगा. पटावरचं नाव, आडनावासकट. वहीवर वाचलं असेल. "हिला खाली बोलावलंय!"

हातात किटली तशीच घेऊन मी धावले. धावले म्हणजे काय, गुडघे येतील तशी. मधल्या दारात पोचले तेव्हा जे दिसलं ते नीट वाचा. भिंगरी दाराकडे पाठ करून बसली होती. कधीपासून तशी बसायला लागली, मला पत्ताच नाही. तिनं मान वळवली नाही.

"थांबायला सांग," ती म्हणाली. "माझं एक गणित राहिलंय."

"अगं, मोठ्या बाईंनी बोलावलंय!"

"मग मोठ्या बाईंना थांबायला सांग. आणि ओरडू नकोस, बहिरी नाहीये मी."

गणित संपवलं. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. मग गोटीचा हात धरून जिना उतरली. उड्या मारत.

पायावर चहा सांडला होता, ते मला बऱ्याच वेळानं कळलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला ठेवून घ्यायचं म्हणून मी गट काढला, आणि गटानं तिला जाण्याजोगी केली. संध्याकाळी मी विचारलं, "बाबा तुला तिकडच्या शाळेत घालू म्हणतात. काय गं?"

"तिकडे गोटी असेल?"

"नाही."

"मग आपण तिकडेही फळ्यावर चिठ्ठी लावू. मी लिहीन, तू चुका काढ."

"चुका मी टपालानं काढीन," मी म्हटलं.

ती 'बरं' म्हणाली. लगेच म्हणाली. मला वाटलं होतं, जरा वेळ घेईल.

मीही तिच्याबरोबर यावं असं तुम्ही लिहिलंत, मनापासून लिहिलंत हे कळलं. पण शनिवारी मुलं येतात. दार उघडायला कोणीतरी हवं.

'हो की नाही, एका शब्दात कळवा,' असंही तुम्ही लिहिलंत. मी चार पानं लिहिली. आता मुद्द्याचं. छापखान्यात चांगला शब्द चुकून खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची असतात. म्हणजे छापणाऱ्याला कळतं, खोडू नका, राहू द्या. माझी लेक हे लहानपणीच शिकली होती. तिच्या निबंधातलं मी खोडलेलं वाक्य सकाळी टिंबं लेवून पुन्हा माझ्यापुढे यायचं. लग्नाचं बोलायची वेळ आली तेव्हा तिनं कागदावर तुमचं नाव लिहून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवलं. मी त्यावर काट मारली. सकाळी नावाखाली टिंबं होती, एका ओळीत, एकसारखी. त्या टिंबांवर तुम्ही या घरात आलात.

मागच्या पानाच्या तळाशी मी एक ओळ खोडली आहे. उजेडात धरलीस तर वाचता येईल. 'तिला घेऊन जा' अशी आहे. तिच्याखाली मी आता टिंबं दिली आहेत. ती ओळीत आली नाहीत, एकसारखीही नाहीत. तू समजून घे.

नवे वर्ग सुरू होण्याआधी ये. आज सकाळी सुतार येऊन दारावर बेल परत लावून गेला. ती वाजव. पोरीचं नाव मोठ्यानं घे, आडनावासकट. ती घाबरणार नाही. तिनं थांब म्हटलं तर मात्र थांब, गणित चालू असेल.

माझं लक्ष दाराकडे आहे.

आई