हाकेच्या अंतरावर

राजा,

मावशीकडे जातेय, परवा येईन. भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे.

काल तो प्लॉट बघून आले. तुला वेळ नव्हता, म्हणून एजंटबरोबर एकटीच गेले. उतार रस्त्याकडे आहे, त्यामुळे पावसाचं पाणी साचणार नाही. कागद मात्र वकिलाला दाखव, एजंटच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस. बोअरला पाणी लागतं का ते मी शेजाऱ्यांना विचारणार होते, पण शेजारच नाही.

दवाखाना, बाजार, सगळं हाकेच्या अंतरावर, असं त्याचं पालुपद चाललं होतं. शेवटी माझं डोकं फिरलं. प्लॉटच्या मधोमध उभी राहिले आणि खरंच हाक मारली. तोंडातून 'अहो' निघालं. तुझे बाबा गेले तरी जिभेची सवय जात नाही. एजंट धावत आला, "काय झालं, काकू?" बाकी कुणी ओ दिली नाही.

"आई, मोकळ्या हवेत तुला घर बांधून देतो, सुट्टीला येत जाईन," म्हणतोस. तसा इथेही तू ओ देत नाहीसच, कानात हेडफोन खुपसून बसलेला असतोस. पण तुझ्या दाराखालून उजेड तरी दिसतो.

आई