भिंतीतलं फिरतं कपाट

साफ्रानबोलू,
४ ऑक्टोबर १९९६

चि. सेव्हिम हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

सत्तरीचं निमित्त करून तू मला आपल्याच जुन्या घरात पाहुणी म्हणून धाडलंस, तेव्हा मी तुला वेडी म्हटलं होतं. ते शब्द मागे घेते. घर विकून तेरा वर्षं झाली, त्याचं हॉटेल झालं, पण काय देखणं राखलंय म्हणून सांगू! छताचं लाकूडकाम लख्ख आहे, जोडे अजून दारातच काढावे लागतात. आणि मला दिलेल्या बैठकीच्या खोलीतलं ते भिंतीतलं फिरतं कपाट, ज्यातून आई तोंड न दाखवता बाबांच्या पाहुण्यांना ताटं पाठवायची, ते आता एका बोटानं फिरतं. आपल्या वेळी कंबर लावून ढकलावं लागे. ज्या सुतारानं हे केलं, त्याच्या हातांचा मुका घ्यावा.

काल सकाळी मात्र फजिती झाली. उठल्याबरोबर सवयीनं गादी गुंडाळली आणि फडताळात ठेवून दिली. साफसफाईची बाई गादी चोरीला गेली म्हणून घरभर सांगत फिरली.

तहसीनचा विषय काढू नकोस. सख्खा भाऊ असला तरी घर विकायच्या कागदावर पहिली सही त्याची. त्याचं तोंड पाहणार नाही म्हटलंय ते म्हटलंय. लहानपणीही तसाच. मी कपाटावर दोनदा टकटक केली की स्वयंपाकघरातून तिळाच्या पावाचं कडं, आपलं सिमिट, पाठवायचा, तेही आधी एक घास खाऊन.

तुझी,
मुकद्देरताई

अंकारा,
७ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू रागावणार, म्हणून आधीच तुझा हात कपाळाला लावून माफी मागते. तो सुतार म्हणजे आपला तहसीनच. तीन वर्षं तो त्या घरात खपला. मालक म्हणाले, कपाट नुसतं शोभेला राहू दे. हा म्हणाला, फिरणार नसेल तर मी हत्यारं उचलून चालू पडतो. आणि घर विकलं तेव्हा छप्पर खाली येत होतं गं. तुला सांगायला कुणी धजावलं नाही.

तू आल्याचं मी त्याला कळवलं नव्हतं. पण गादीची गोष्ट कानावर गेली आणि त्यानं ओळखलं, की फडताळात गादी ठेवणारी घरचीच असणार. मला फोन करून रडला. कपाटापलीकडे स्वयंपाकघरात त्याचं काम चालू आहे, पण तू बोलावल्याशिवाय समोर येणार नाही म्हणतो. शनिवारी तू निघणार. त्याआधी काय ते ठरव.

तब्येत सांभाळ आणि माझ्यावरचा लोभ तेवढा आटू देऊ नकोस.

तुझी,
सेव्हिम

साफ्रानबोलू,
११ ऑक्टोबर

चि. सेव्हिम हिस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी बॅग भरली. इतकी लबाड बहीण वैऱ्यालाही नको. मग छताकडे बघत बसले. एवढा जीव ओतून काम करणाऱ्याला मी तेरा वर्षं घरबुडव्या म्हणत आले, याची लाज वाटली. उठले आणि कपाटावर दोनदा टकटक केली.

पलीकडची हातोडी थांबली. चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग कपाट फिरलं. आत बिनसाखरेची कॉफी, मी घेते तशीच, आणि एक सिमिट. घास खाल्लेलं.

बासष्ट वर्षांचा बाप्या, पण खोड गेली नाही. मला रडू आवरेना. उरलेलं सिमिट खाल्लं, रिकामा कप आत ठेवला आणि पलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं, की आता जोडे काढ आणि दारानं ये.

आला, पण मान वर करीना. शेवटी मीच हनुवटी धरली आणि त्याचं तोंड पाहिलं.

शनिवारी निघत नाही. तुला आम्हा दोघांचे आशीर्वाद.

ताई आणि तहसीन